एक प्रोसेसर, तीन आकडे

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी डोंबिवलीहून ताईचा फोन आला. "अरे, याचा तो कॉम्प्युटर रात्री दोन-दोन वाजता आपोआप बंद पडतोय. हा झोपत नाही आणि मलाही झोपू देत नाही. तू एकदा येऊन बघ बाबा."

'हा' म्हणजे माझा भाचा. अ‍ॅनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला. सव्वा मिनिटाची फिल्म जमा करायची होती आणि हातात उरले होते अकरा दिवस. सेकंदाला चोवीस या हिशेबाने सव्वा मिनिटाच्या अठराशे फ्रेम होतात. एक फ्रेम तयार करायला त्याच्या कॉम्प्युटरला साधारण एक मिनिट लागायचं. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी तीस तासांचं काम. ते सुरळीत चालत नव्हतं. मशीन मध्येच बंद पडायचं. आणि ज्या फ्रेम तयार झाल्या होत्या, त्यातल्या काहींमध्ये कोपऱ्यात काळे चौकोन उमटले होते.

हा कॉम्प्युटर त्याने स्वतः जोडलेला. कॅबिनेट, मदरबोर्ड, रॅम लॅमिंग्टन रोडवरून, दोन वर्षं साठवलेल्या पैशांतून. प्रोसेसर कॉलेजातल्या एका सीनियरकडून जुना घेतलेला. आणि तीस तासांचे पंचवीस व्हावेत म्हणून त्याने तो ओव्हरक्लॉक केला होता, म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवला होता. ४.३ गिगाहर्ट्‌झचा ४.९.

"व्होल्टेज किती ठेवलंयस?" मी विचारलं.

"मामा, तेच तर कळत नाहीये," तो म्हणाला. "बायोस म्हणतं १.३४४. सीपीयू-झेडमध्ये १.२७० दिसतं. आणि एचडब्ल्यूइन्फो म्हणतं १.३९२. खरं कुठलं?"

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझा अख्खा रविवार गेला. घरी कॉम्प्युटर जोडणारी, गेमिंगसाठी किंवा व्हिडिओसाठी त्याचा वेग वाढवणारी मुलं आता बऱ्याच घरांत आहेत. त्यांच्या आईवडिलांनाही निदान आपल्या घरात रात्री काय चाललंय ते कळावं, म्हणून हा सगळा उद्योग इथे सांगतो.

आधी हे व्होल्टेज म्हणजे कसलं ते बघू. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पंखेवाला डबा, त्याचे १२ व्होल्ट करतो. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या शेजारी जे छोटे चौकोनी ठोकळे रांगेने बसलेले दिसतात, ते त्या बाराचे सव्वा-एक व्होल्ट करतात. या मंडळाला व्हीआरएम म्हणतात. सव्वा व्होल्ट म्हणजे टॉर्चच्या नव्या सेलपेक्षाही कमी. त्याचा शॉक बसत नाही. पण प्रवाह मात्र मोठा, भरात असलेला प्रोसेसर शंभर अँपिअरच्या पुढेही सहज जातो. घरातल्या गिझरला दहा अँपिअरही लागत नाहीत, हे लक्षात घेतलं की या चिमुकल्या चौकोनात काय चालतं त्याचा अंदाज येईल.

प्रोसेसरमधले कोट्यवधी ट्रान्झिस्टर सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात. जास्त वेगाने पळवायचं तर प्रत्येकाला चालू-बंद व्हायला कमी वेळ मिळतो. तेवढ्या वेळात काम उरकायचं तर ढकलणारा दाब जास्त हवा. म्हणून ओव्हरक्लॉक करणारे व्होल्टेज वाढवतात. त्याची किंमत मात्र चक्रवाढीसारखी लागते. प्रोसेसरमध्ये खर्च होणारी वीज वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. भाच्याचा प्रोसेसर मूळ वेगाला १.२ व्होल्टवर चालत होता. तिथून ४.९ गिगाहर्ट्‌झ आणि १.३९२ व्होल्ट म्हणजे वेगात वाढ १४ टक्के, आणि उष्णतेत वाढ ५३ टक्के. हे गणित मी त्याच्या वहीत मांडून दाखवलं तेव्हा तो जरा गप्प झाला.

शिवाय हा झाला फक्त चालू-बंद होण्याचा खर्च. ट्रान्झिस्टर बंद असतानाही थोडी वीज झिरपतच असते, आणि तापमान चढलं की ही गळती वाढते. गळती वाढली की तापमान आणखी चढतं. डोंबिवलीतला मे महिना, खोलीत ३४ अंश, एसी नाही, डासांमुळे रात्री खिडक्या बंद. प्रोसेसर ९८ अंशांवर पोचला होता. ठरावीक मर्यादा ओलांडली की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर जीव वाचवायला वीजच तोडतो. रात्री दोनचं रहस्य एवढंच होतं.

आता ते तीन आकडे.

ताईला गेली सहा वर्षं रक्तदाबाचा त्रास आहे. टेबलावर तिचं मशीन आणि नोंदींची वही कायम असते. मी भाच्याला म्हटलं, तुझा प्रश्न आणि आईचा प्रश्न एकाच जातीचा आहे. आपल्या भाषेत दोन्हीला दाबच म्हणतात, रक्तदाब आणि विद्युतदाब. आकडा किती हे विचारण्याआधी तो कुठे मोजला, कधी मोजला आणि कशाने मोजला हे विचारायचं. हात खाली लोंबत ठेवून मोजला तर रक्तदाब जास्त दिसतो, हृदयाच्या पातळीला ठेवला तर बरोबर येतो. जिना चढून आल्या आल्या मोजला तर वेगळा, पाच मिनिटं बसून मोजला तर वेगळा.

सीपीयू-झेडमध्ये जे १.२७० दिसत होतं ते व्हीआयडी होतं. व्हीआयडी हे मोजमापच नव्हे. प्रोसेसर व्हीआरएमकडे जी मागणी नोंदवतो, तो आकडा म्हणजे व्हीआयडी. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेली मात्रा म्हणा. रुग्णाने प्रत्यक्षात किती गोळ्या घेतल्या ते त्यावरून कळत नाही. मदरबोर्ड त्या मागणीत स्वतःची भर घालू शकतो, किंवा तिच्याकडे साफ दुर्लक्ष करून भलतंच व्होल्टेज देऊ शकतो. ओव्हरक्लॉक करणाऱ्यांपैकी बरेच जण व्हीआयडीलाच व्होल्टेज समजून बसतात आणि निश्चिंत होतात. सीपीयू-झेडच्या त्याच चौकटीत कुठल्या मदरबोर्डवर व्हीआयडी दिसतं, कुठे प्रत्यक्ष मोजलेलं व्होल्टेज. त्यामुळे शेजारी काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय आकड्यावर जाऊ नये.

बायोसमधलं १.३४४ हे मोजलेलं व्होल्टेज होतं, पण बायोसच्या पडद्यावर असताना. तिथे विंडोज नसतं, वीज वाचवण्याची नेहमीची व्यवस्था चालू नसते आणि जड कामही नसतं. प्रोसेसर धड विश्रांतीतही नाही आणि धड कामातही नाही, अशी ती अवस्था. त्या वेळचा आकडा त्या वेळेपुरता खरा. रात्री दोन वाजता फ्रेम तयार होत असताना काय होतं ते तो सांगत नाही.

एचडब्ल्यूइन्फोमधलं १.३९२, ज्याच्यापुढे व्हीकोअर असं लिहिलेलं होतं, ते मात्र प्रत्यक्ष मोजमाप होतं, तेही भरात असताना. मदरबोर्डवर नखाएवढी एक चिप असते, सुपर आयओ म्हणतात तिला. पंख्यांचे फेरे मोजणं, तापमान वाचणं आणि व्होल्टेज मोजणं ही तिची कामं. ती किती बारीक मोजते हे तिच्या मोजपट्टीवरच्या खुणांवर अवलंबून. भाच्याच्या मदरबोर्डवरची चिप १६ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी मोजणारी निघाली. १.३७६, मग थेट १.३९२, मग १.४०८. मधलं काही नाही. त्यामुळे आकडा १.३७६ आणि १.३९२ यांच्यात उड्या मारत असेल तर वीज थरथरते आहे असं समजून घाबरायचं कारण नाही. फक्त खरी किंमत दोन खुणांच्या मधे कुठेतरी आहे. काही चिपा ८ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी मोजतात, त्यांत उडी लहान दिसते.

याच चिपेची आणखी एक गंमत आहे. तिला थेट १२ व्होल्ट मोजता येत नाहीत. मदरबोर्ड बनवणारा दोन रोधक लावून ते व्होल्टेज आधी लहान करतो आणि मग तिला देतो. सॉफ्टवेअरने त्याला उलट कितीने गुणायचं हे मदरबोर्डागणिक वेगळं असतं. तो गुणक चुकला तर १२ व्होल्टच्या पुढे ८ लिहून येतात. असा आकडा बघून एसएमपीएस बदलायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. एसएमपीएसच्या मानकाप्रमाणे १२ मध्ये पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. खरोखर ८ व्होल्ट आले असते तर तो आकडा दाखवायला कॉम्प्युटर चालूच राहिला नसता.

मग मोजायचं काम कधी करायचं? इथे रक्तदाबाची उपमा अगदी शेवटपर्यंत जाते. काही लोकांचा रक्तदाब डॉक्टरांचा पांढरा कोट पाहूनच वाढतो, घरी तो ठीक असतो. प्रोसेसरलाही असला विकार आहे, आणि तो २०१९ मध्ये गाजला. एएमडीचे रायझन ३००० मालिकेचे प्रोसेसर त्या वर्षी जुलैत बाजारात आले. घेणाऱ्यांना दिसलं की कॉम्प्युटर नुसता बसून असतानाही व्होल्टेज १.४ च्या वर दिसतंय. मोठा गोंधळ उडाला. कंपनीने खुलासा केला तो असा, की व्होल्टेज तपासणारं सॉफ्टवेअरच वारंवार सगळ्या गाभ्यांना उठवून 'तुझं किती, तुझं किती' विचारत होतं. झोपलेला गाभा उत्तर देण्यासाठी जागा व्हायचा, क्षणभर वेग आणि व्होल्टेज वाढवायचा, आणि नेमकं तेच नोंदलं जायचं. तपासणीमुळेच आजार दिसत होता. म्हणून एका वेळी एकच तपासणी करणारं सॉफ्टवेअर चालू ठेवावं, आणि त्याने किती वेळाने वाचायचं तो काळ दोन-तीन सेकंदांपर्यंत वाढवावा. भाच्याने चार सॉफ्टवेअर एकदम उघडून ठेवली होती. त्यातली तीन बंद करायला लावली.

आणि एका आकड्यावर विसंबू नये. डॉक्टर कधी कधी चोवीस तास दंडाला पट्टा बांधून ठेवतात, तसं सॉफ्टवेअरला अर्धा तास चालू ठेवावं आणि त्यातला किमान, कमाल आणि सरासरीचा रकाना बघावा. बसून असताना, हलकं काम असताना आणि पूर्ण भरात, अशा तीन वेळा.

भरात आलं की व्होल्टेज कमी होतं, वाढत नाही, हे ऐकून भाच्याला आश्चर्य वाटलं. मी म्हटलं, तुमच्या इमारतीत सकाळी सातला काय होतं? सगळ्यांनी नळ सोडले की वरच्या मजल्यावर धार बारीक होते. तसंच हे. व्हीआरएमपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेला थोडा रोध असतो. समजा तो एक मिलिओहम आहे, म्हणजे एका ओहमचा हजारावा भाग. प्रवाह १२० अँपिअर असला तर ओहमच्या नियमाने १२० मिलिव्होल्ट वाटेतच पडतात. ही घसरण प्रोसेसर बनवणाऱ्यांनी मुद्दाम गृहीत धरलेली असते, तिला लोडलाइन म्हणतात. मदरबोर्डवाले मात्र ओव्हरक्लॉक करणाऱ्यांना खूश करायला ही घसरण भरून काढणारी एक सोय देतात. तिच्या पायऱ्या असतात, आणि उत्साही माणूस सगळ्यात वरची निवडतो. पडद्यावर व्होल्टेज छान सपाट दिसतं. पण नळ जोरात चालू असताना एकदम बंद केला की पाइप धडधडतो, ते आठवा. प्रोसेसरचं काम अचानक थांबलं की भरून काढणारी यंत्रणा क्षणभर जास्तीचं व्होल्टेज देत राहते. हा उसळीचा काळ मायक्रोसेकंदांचा. सॉफ्टवेअर सेकंदाला एकदा बघतं, साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदा. दोघांनाही ती उसळी दिसत नाही. ती बघायला ऑसिलोस्कोप लागतो, जो घरी कोणाकडे नसतो. तेव्हा जे दिसत नाही ते टाळण्याचा मार्ग एकच, सगळ्यात वरची पायरी वापरायची नाही. आम्ही मधली ठेवली.

मोजण्याच्या जागेचाही प्रश्न आहे. बहुतेक मदरबोर्ड प्रोसेसरच्या सॉकेटपाशी मोजतात, काही महागडे थेट सिलिकॉनच्या आतून येणाऱ्या तारांवर. सॉकेटपासून सिलिकॉनपर्यंतही थोडी घसरण असते. त्यामुळे तोच प्रोसेसर त्याच अवस्थेत एका बोर्डावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी आकडा दाखवू शकतो. 'माझा मित्र १.३० वर चालवतो, मग मी का नाही' या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ नसतो.

मला एचडब्ल्यूइन्फोचा आकडा पडताळून बघायचा होता, म्हणून मी माझा जुना मल्टिमीटर नेला होता. काळी पिन कॅबिनेटच्या रंग नसलेल्या स्क्रूला लावली आणि लाल पिन व्हीआरएमच्या चोकच्या, प्रोसेसरकडच्या बाजूच्या पायाला टेकवली. पूर्ण भरात आकडा आला १.३८६. असल्या स्वस्त मीटरची चूक अर्धा टक्का धरली तर सात मिलिव्होल्ट इकडे-तिकडे. चिपची एक पायरी १६ मिलिव्होल्टची. दोन्ही एकमेकांना दुजोरा देत होते. म्हणजे खरा आकडा १.३९ च्या आसपास, आणि व्हीआयडीचे १.२७० वाचून निश्चिंत बसलेला भाचा प्रत्यक्षात शंभराहून जास्त मिलिव्होल्ट वर होता. व्होल्टेज त्याने 'ऑटो'वर सोडलं होतं. वेग वाढवलेला दिसला की मदरबोर्ड स्वतःच्या सोयीने भरपूर व्होल्टेज देऊन टाकतो, म्हणजे मशीन बंद पडलं असं कोणी म्हणायला नको. पण त्यापायी प्रोसेसरचं आयुष्य खर्ची पडतं, याची फिकीर त्याला नसते.

पिन टेकवण्याचं हे काम वाचकांनी करू नये असंच मी म्हणेन. शॉक बसणार नाही, पण हात जरा घसरला आणि पिनेने शेजारचे दोन पाय जोडले गेले तर शंभर अँपिअर त्या टोकातून जायला बघतात, ठिणगी उडते आणि मदरबोर्ड संपतो. काही बोर्डांवर मोजण्यासाठी वेगळे बिंदू काढलेले असतात, ते असतील तर गोष्ट वेगळी. आणि एसएमपीएसचा डबा तर कधीच उघडायचा नाही, प्लग काढलेला असला तरी. त्यातल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट काही काळ साठून राहतात. तो धोका प्रोसेसरला नाही, जिवाला आहे.

"पण मामा, जास्त व्होल्टेज दिल्याने नक्की होतं काय? जळतो?"

क्वचित जळतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर, विशेषतः एक्स३डी प्रकारचे, खरोखर जळून फुगले. मेमरी वेगाने चालवण्याची सोय चालू केली की काही मदरबोर्ड प्रोसेसरच्या एका दुय्यम भागाला, एसओसी म्हणतात त्याला, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते. कंपनीने मग त्या भागाची मर्यादा १.३ व्होल्टवर बांधून टाकली. हे व्हीकोअर नव्हे. सॉफ्टवेअरमध्ये ते वेगळ्या ओळीत दिसतं, आणि ती ओळ फार कमी लोक बघतात.

पण बहुतेक वेळा प्रोसेसर जळत नाही, तो म्हातारा होतो. त्याच्या आतल्या तांब्याच्या वाटा माणसाच्या केसापेक्षा हजारो पटींनी बारीक असतात. त्यांतून धावणारे इलेक्ट्रॉन तांब्याच्या अणूंना थोडे थोडे पुढे ढकलत राहतात, वाऱ्याने वाळू सरकावी तसे. कुठे खड्डा पडतो, कुठे ढीग साचतो, आणि एक दिवस वाट तुटते. मोटोरोलातल्या जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये याचं समीकरण मांडलं. प्रवाहाची घनता वाढली की आयुष्य वर्गाच्या प्रमाणात घटतं आणि तापमान वाढलं की घातांकी वेगाने. दुसरी झीज ट्रान्झिस्टरच्या दारात होते. तिथला विद्युतरोधक थर २००५ च्या सुमाराच्या चिपांमध्ये फक्त १.२ नॅनोमीटर जाडीचा होता, अणूंचे जेमतेम पाच थर. त्यावर १.२ व्होल्ट म्हणजे मीटरला १०० कोटी व्होल्ट या तीव्रतेचं क्षेत्र. हवा ३० लाखांना ठिणगी टाकून मोडते. नंतर हाफ्नियमचं संयुग वापरून हा थर जाड करता आला, पण ताण संपला नाही. व्होल्टेज थोडंच वाढवलं तरी तिथे अडकून बसणारे विद्युतभार वाढतात आणि ट्रान्झिस्टर सुस्त होतो. मग कालपर्यंत ज्या व्होल्टेजला जो वेग झेपत होता, तो आज झेपत नाही. माणूस काय करतो? व्होल्टेज आणखी वाढवतो.

याची सगळ्यांत मोठी साक्ष अलीकडचीच आहे, आणि तिथे ओव्हरक्लॉक न करणारेही सापडले. इंटेलच्या डेस्कटॉपसाठीच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही वरच्या श्रेणीतले प्रोसेसर महिनोन्‌महिने वापरल्यावर अस्थिर होऊ लागले. गेम बंद पडत, फाइल उघडताना चुका येत. २०२४ च्या जुलैत इंटेलने मान्य केलं की प्रोसेसर स्वतःच व्हीआरएमकडे वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. चिठ्ठीवरची मात्राच चुकलेली! जास्त व्होल्टेज आणि तापमानामुळे आतलं घड्याळाचे ठोके पोचवणारं मंडळ झिजत होतं. ऑगस्टमध्ये आलेल्या दुरुस्तीने १.५५ व्होल्टच्या वरच्या मागण्या रोखल्या, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. पण जे प्रोसेसर आधीच झिजले होते ते या दुरुस्तीने बरे झाले नाहीत. ज्यांच्याकडे हे प्रोसेसर आहेत त्यांनी बायोस ताजं केलं आहे का ते आजच बघावं. आणि हे १.५५ म्हणजे 'इथपर्यंत चालतं' अशी परवानगी समजू नये, ते क्षणिक मागणीचं कुंपण आहे. २००२-०३ च्या सुमारास पेंटियम ४ च्या नॉर्थवुड पिढीला दीड व्होल्टच्या जागी पावणेदोनपर्यंत व्होल्टेज देणाऱ्यांचे प्रोसेसर काही आठवड्या-महिन्यांत अचानक मरायचे. त्याला त्या लोकांनी आजारासारखं नावच दिलं होतं, सडन नॉर्थवुड डेथ सिंड्रोम. त्याहून जुना पेंटियम मात्र १९९३ मध्ये ५ व्होल्टवर सुखाने चालत होता. प्रत्येक पिढीचा सुरक्षित आकडा वेगळा. एकाचा दुसऱ्याला लावता येत नाही.

आता काळे चौकोन. मला त्यांचीच जास्त काळजी वाटली होती. बंद पडणारा कॉम्प्युटर निदान प्रामाणिक असतो. चुकीचं उत्तर देऊन चालू राहणारा वाईट. हे फक्त ओव्हरक्लॉक केलेल्या मशीनचं दुखणं नव्हे. २०२१ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी त्यांच्या डेटा सेंटरमधला एक प्रोसेसर जगापुढे मांडला. १.१ चा ५३ वा घात काढून त्याचा पूर्णांक सांग म्हटलं की बरोबर उत्तर १५६ येतं. त्याचा एक गाभा शून्य सांगायचा. ५२ वा घात मात्र बरोबर, १४२. कुठलीही सूचना नाही, काही नाही. त्यामुळे फायली शून्य आकाराच्या समजल्या जाऊन हरवत होत्या. गूगलच्या मंडळींनीही त्याच वर्षी असेच चुकार गाभे सापडल्याचं लिहिलं. चित्रातला काळा चौकोन डोळ्यांना दिसतो. हिशेबाच्या फायलीत किंवा फोटोंच्या साठ्यात बदललेला एक आकडा कोणाला दिसणार? ताईच्या घरातले गेल्या पंधरा वर्षांचे फोटो याच मशीनवर होते. ते आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून घेतले आणि मगच पुढे हात लावला.

मग दुरुस्ती. व्होल्टेज 'ऑटो'वरून काढून हाताने द्यायचं ठरलं. वेग ४.७ वर आणला. तपासायला प्राइम९५ घेतलं. हे मुळात प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर. त्याच्या कसोटीची उत्तरं आधीच माहीत असतात, त्यामुळे प्रोसेसरने एक जरी चूक केली तरी पकडली जाते. १.३० पासून एकेक पायरी खाली उतरत गेलो. १.२३२ ला सातव्या मिनिटाला चूक आली. १.२४८ ला चाळीसाव्या. १.२६४ ला संध्याकाळ गेली, रात्र गेली, चूक नाही. सकाळी तापमानाचा कमाल रकाना ८४ दाखवत होता.

४.९ ऐवजी ४.७ म्हणजे प्रत्येक फ्रेमला सुमारे अडीच सेकंद जास्त. अठराशे फ्रेमना मिळून सव्वा तास. त्या सव्वा तासाच्या बदल्यात उष्णता एकवीस टक्क्यांनी उतरली. भाच्याने पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, मग काळे चौकोन आलेल्या फ्रेम पुन्हा लावल्या आणि बारकाईने बघत बसला. खरं तर उकाड्याच्या महिन्यांत मूळ वेगच ठेवून व्होल्टेज उलट थोडं कमी करून बघावं, असं माझं मत. ते त्याला पटलेलं नाही.

फिल्म वेळेत जमा झाली. पण सप्टेंबरात त्याचा पुन्हा फोन आला. "मामा, बायोस अपडेट केलं आणि व्हीकोअर परत १.३९२ झालंय." अपडेटने त्याची सगळी मांडणी पुसून पुन्हा 'ऑटो' करून ठेवली होती. मी विचारलं, जुने आकडे कुठे लिहून ठेवलेस का? ताईच्या रक्तदाबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर होते, वेग, व्होल्टेज, लोडलाइनची पायरी, खोलीचं तापमान, सगळं तारखेसकट. पाच मिनिटांत काम झालं.